साताऱ्यातून एकट्याने जगाच्या सफरीवर निघताना देश कसे निवडावेत

वर्षभराच्या सफरीचं डोक्यात आलं की माणूस आधी यादी करतो. पॅरिस, सँटोरिनी, माचू पिचू, बाली, जमलंच तर आइसलँड. यादी करायला काहीच हरकत नाही. पण ती ज्या व्हिडिओंवरून आणि लेखांवरून तयार होते, ते बहुतेक जर्मन, ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी केलेले असतात. त्यांना अर्ध्या जगात नुसता पासपोर्ट दाखवून शिरता येतं, त्यामुळे ते कुठला देश आधी आणि कुठला नंतर याचा फारसा विचार करत नाहीत. आपल्या पासपोर्टवर सगळा खेळ त्या क्रमाचाच असतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा वाटेत बँकॉकला बसून काढू म्हटलं तर सहसा मिळत नाही, तो आपण राहतो तिथूनच काढावा लागतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. म्हणून सातारा-सांगलीकडून निघणाऱ्याने आपली यादी आपल्या कागदपत्रांसकट, घरी बसून, स्वतःच करायची.

सहा महिने ते वर्षभर एकट्याने फिरायचं आहे, पण आजवर फार तर दुबई-बँकॉकची पॅकेज टूर झाली आहे किंवा तीही झालेली नाही, अशांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे.

आधी प्रत्येक नावापुढे एक वाक्य

यादीतल्या प्रत्येक देशापुढे एक वाक्य लिहा: तिथे जाऊन मला काय करायचं आहे? 'पाहायचं आहे' हे उत्तर धरू नका. 'डोंगरात आठ दिवस चालायचं आहे', 'केनियातल्या मसाई माराला नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (हरणाच्या कुळातले मोठे प्राणी) बघायचे आहेत', 'फ्लॉरेन्सला आठवडाभर रोज एकेक संग्रहालय निवांत बघायचं आहे' हे उत्तर चालेल. ज्या नावापुढे 'फोटो छान येतात' यापलीकडे काही सुचत नाही, ते नाव खोडा. सँटोरिनी बहुतेकांच्या यादीतून इथेच जातं.

उरलेल्यांतून चार-पाच जागा निवडा, ज्या हुकल्या तर सफर झाली असं वाटणार नाही. या खुंट्या. सगळा मार्ग त्यांना धरून बांधायचा आणि बाकीचे देश मधल्या जागेत, जमेल तसे भरायचे. यादीत वीस देश असले आणि खुंटी एकही नसली, तर तुम्ही प्रत्येक देशात विमानतळ, हॉस्टेल आणि एक चौक बघून परत याल. वर्षाला दहा-बारा देश खूप झाले. माझं मत विचाराल तर आठ.

बारा रकाने

दुसरं काम कागदावरचं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा आणि प्रत्येक खुंटी तिच्या महिन्यात लिहा. मोबाइलमध्ये नको, कागदावरच. सगळं वर्ष एका नजरेत दिसलं पाहिजे.

काही महिने पक्के असतात. मारा नदी ओलांडणारे कळप जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान दिसतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पॅटागोनियात चालायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण तिकडचा उन्हाळा तेव्हा असतो. पेरूच्या अँडीजमध्ये मे ते सप्टेंबर कोरडं असतं, आणि इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला पायी जायची वाट, फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात. टोकियो-क्योटोकडे चेरी फुलते मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जपानी लोकांची स्वतःची सुट्ट्यांची रांग लागते, तेव्हा राहायला जागा मिळत नाही. किर्गिझस्तानच्या उंचावरच्या कुरणांत जून ते सप्टेंबर. बालीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. थायलंडच्या चियांग माईकडे फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर साचलेला असतो, फोटोत तो दिसत नाही. व्हिएतनाममध्ये एकच 'सीझन' धरू नका: उत्तर, मध्य आणि दक्षिण यांचं हवामान वेगवेगळं आहे, आणि मधल्या भागात, म्हणजे ह्युए-होई आनकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येतात. युरोप मे-जून किंवा सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दीही जास्त आणि भाडंही.

कोरेगावची एक मुलगी हा कागद घेऊन माझ्याकडे आली होती. औषधाच्या कंपनीत नोकरी, चार वर्षांची बचत, घरच्यांची परवानगी कशीबशी मिळालेली. तिच्या खुंट्या अशा: जपानची चेरी, इटली, किर्गिझस्तानचे डोंगर, केनिया आणि पॅटागोनिया. तिला जूनमध्ये निघायचं होतं. रकान्यांत मांडलं तेव्हा फार छान दिसलं: जून-जुलै किर्गिझस्तान, ऑगस्ट-सप्टेंबर केनिया, ऑक्टोबर इटली, डिसेंबर-जानेवारी पॅटागोनिया आणि शेवटी मार्चअखेर जपान.

"ताई, एकदम बसलं की!"

हवामानाने बसलं होतं. व्हिसाने नाही. जपानचा एका प्रवेशाचा पर्यटक व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो. जूनमध्ये घर सोडणाऱ्याला पुढच्या मार्चचा व्हिसा निघण्याआधी काढून ठेवता येत नाही. मग तो कागद पुन्हा मांडला. जपान शेवटून उचलून पहिला घेतला आणि निघायचं मार्चअखेर ठरवलं. त्यामागे मे-जूनमध्ये इटली, कारण शेंगेनसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तो व्हिसा निघण्याआधीच हातात. जुलै-ऑगस्टला किर्गिझस्तान, सप्टेंबरात केनिया, मग नैरोबीहून थेट विमानाने मुंबई आणि दिवाळी घरी. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम.

पॅटागोनिया सोडावं लागलं. तिच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता, आणि दक्षिण अमेरिकेतल्या एकेका देशाच्या व्हिसासाठी पासपोर्ट वेगवेगळ्या वकिलातींत अडकवायचा तर बाकीचं वेळापत्रक कोलमडलं असतं. तिला ते फार लागलं. बराच वेळ ती त्या रकान्याकडे बघत बसली होती. पण मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

व्हिसाचे तीन गठ्ठे

आता खुंट्या आणि मधले देश तीन गठ्ठ्यांत टाका. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा बघायचं. ट्रॅव्हल एजंटच्या किंवा मित्राच्या सांगण्यावर जायचं नाही.

पहिला गठ्ठा, जिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. नेपाळला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, प्रौढ माणसाला आधार कार्ड चालत नाही. भूतानला व्हिसा नाही, पण परमिट लागतं आणि भारतीयांना माणशी रोज १,२०० रुपये शुल्क द्यावं लागतं, म्हणून तिथे लांबण लावू नका. मॉरिशस, मलेशिया आणि कझाकस्तान याच गठ्ठ्यात. कझाकस्तानला एका वेळी १४ दिवस राहता येतं. थायलंडनेही भारतीयांना मोकळीक दिलेली आहे, पण किती दिवसांची हे जाताना बघा.

दुसरा गठ्ठा, जिथे घरबसल्या किंवा पोहोचल्यावर काम होतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. त्यात आत शिरण्याचं ठिकाण लिहावं लागतं, ते नीट निवडा. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन पूर्वपरवानगी सुरू केली आहे. उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, श्रीलंका हेही ऑनलाइन. इंडोनेशियात विमानतळावर ३० दिवसांचा मिळतो आणि एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. सफरीचा उत्तरार्ध या दोन गठ्ठ्यांतूनच भरावा, कारण तोवर तुम्ही घरापासून लांब असता आणि हे व्हिसे कुठूनही काढता येतात.

तिसरा गठ्ठा अवघड: शेंगेन, ब्रिटन, अमेरिका, जपान आणि दक्षिण अमेरिकेतले बरेच देश. यांचं काम निघण्याआधी उरकायचं. एका वेळी पासपोर्ट एकाच वकिलातीत राहू शकतो आणि तो तिथे कधी कधी काही आठवडे राहतो, हे लक्षात घेऊन क्रम लावा. वरच्या मुलीने जानेवारीत शेंगेन केलं आणि पासपोर्ट परत आल्यावर फेब्रुवारीअखेर जपान. उलट केलं असतं तर जपानचे तीन महिने शेंगेनची वाट बघण्यातच गेले असते.

शेंगेनबद्दल थोडं सविस्तर, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच अडतात. २०२५ पासून त्यात २९ देश आहेत. कुठल्याही १८० दिवसांत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण तुम्हाला व्हिसा ९० दिवसांचाच मिळेल असं नाही, बहुधा जेवढे दिवस मागितले तेवढेच मिळतात. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. 'अमुक देश लवकर देतो' म्हणून त्याच्याकडे अर्ज करून दुसरीकडेच राहणं हा नकाराचा सरळ रस्ता. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा आरोग्य विमा लागतो. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत. फी प्रौढांना ९० युरो, नकार आला तरी परत नाही.

काही व्हिसे पुढची दारं उघडतात, त्यांचा उपयोग करून घ्या. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागत नाही आणि तुर्कस्तानचा ऑनलाइन मिळतो. अमेरिकेचा चालू असेल तर मेक्सिकोला लागत नाही. म्हणून युरोप संपताना व्हिसाचे काही दिवस शिल्लक ठेवून जॉर्जियात उतरणं फार फायद्याचं. अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे पर्यटनाचा आणि कामानिमित्त भेटीचा, व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो. तो काढायचाच असेल तर सफरीच्या कितीतरी आधी मुंबईच्या मुलाखतीची तारीख धरा, तिथे वाट बघावी लागते.

दक्षिण अमेरिकेला जायचं आणि अमेरिकेचा व्हिसा नाही, तर तिकीट अदिस अबाबा, दोहा किंवा दुबईहून साओ पावलोला जाणारं घ्या. तिथून पुढे पॅसिफिक ओलांडायचा तर चिलीच्या सांतियागोहून ऑकलंड-सिडनीकडे विमानं आहेत. पृथ्वीप्रदक्षिणेची म्हणून एअरलाइन्सच्या गटांची खास तिकिटंही असतात: एकाच दिशेने जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे, वर्षाच्या आत परत यायचं. पहिल्यांदा निघणाऱ्याला मी ती सुचवत नाही. आपल्या व्हिसांच्या क्रमाला ती फार आखडतात. आणि पुरती प्रदक्षिणा झालीच पाहिजे असा हट्ट कशाला?

पैशाचे कागद

व्हिसा अधिकारी बघतो ती एकच गोष्ट: हा माणूस जाऊन परत येईल का, आणि मधल्या काळात खाईल काय. नोकरदाराचे कागद सरळ असतात. आपल्याकडे गुंता होतो तो शेतीवाल्या घरांत. उसाचं बिल कारखान्याकडून जिल्हा बँकेच्या खात्यात येतं, द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून, ठेवी पतसंस्थेत, आणि 'शेतीला कर नाही' म्हणून विवरणपत्र कुणी भरलेलंच नसतं. निघायचं मनात आलं त्याच वर्षापासून विवरणपत्र भरायला लागा आणि त्यात शेतीचं उत्पन्न दाखवा. शेंगेनवाले मागच्या काही वर्षांची विवरणपत्रं मागतात. सातबारा, कारखान्याची बिलं, पतसंस्थेच्या ठेवींच्या पावत्या जोडता येतात, पण त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, कारण मुंबईतल्या परदेशी अधिकाऱ्याला गट नंबर कळत नाही. सगळे पैसे अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून घेऊन खात्यात भरू नका. सहा महिन्यांच्या उताऱ्यात ते लगेच डोळ्यांत येतं. काका खर्च करणार असतील तर तसं पत्र आणि त्यांचे कागद उघड जोडा.

पासपोर्टचंही इथेच. साताऱ्याचा माणूस पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. नवा काढताना ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. सफर संपेल त्या तारखेनंतरही किमान सहा महिने मुदत उरली पाहिजे, नाहीतर विमानतळावरच अडवतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव पासपोर्टवर ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने तिकिटावर.

महाग देश कुठे बसवायचे

वर्षाचं बजेट बारांनी भागून दरमहा तेवढं असं धरू नका. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, ऑस्ट्रेलिया यांचा रोजचा खर्च एकीकडे. व्हिएतनाम, लाओस, नेपाळ, जॉर्जिया, इंडोनेशिया यांचा दुसरीकडे. स्वित्झर्लंडच्या एका दिवसात व्हिएतनाममध्ये चार-पाच दिवस आरामात निघतात. त्यामुळे महाग देशांत दिवस मोजून आणि सगळं आधी बुक करून राहायचं, स्वस्त देशांत लांब राहायचं. महाग देश पूर्वार्धात घ्यावेत असं माझं मत आहे: किती उरलं ते कळतं आणि उत्तरार्ध त्याप्रमाणे लांबवता किंवा आखडता येतो. उलट केलंत तर शेवटच्या महिन्यात झुरिकला ब्रेड खाऊन दिवस काढाल. परतीच्या तिकिटाचे आणि दवाखान्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

सहकारी बँकेचं कार्ड परदेशात चालेल असं गृहीत धरू नका, निघण्याआधी विचारा. एक फॉरेक्स कार्ड आणि दुसऱ्या बँकेचं एक आंतरराष्ट्रीय कार्ड, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. आणि आपलं भारतीय सिम चालू ठेवा, रोमिंगसकट. ओटीपी त्यावरच येतो, आणि तो आला नाही तर स्वतःच्याच पैशांना मुकाल.

वार्षिक मल्टी-ट्रिप विमा घेतला की वर्षभराची सोय झाली असं समजू नका. त्यात बहुधा एका फेरीला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मर्यादा असते. लांब सफरीला एकाच फेरीची, दिवस वाढवता येणारी पॉलिसी बघा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. पण सगळे देश तो मानत नाहीत, आणि जिथे मानत नाहीत तिथे अपघात झाला तर विम्याचे पैसे विसरा.

तब्येत, उंची आणि लस

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. पेरूतलं कुस्को ३,४०० मीटरवर आणि बोलिव्हियातलं ला पाझ ३,६०० च्या वर. विमानाने थेट तिथे उतरलात की डोकं ठणकतं, भूक मरते, झोप लागत नाही. सह्याद्रीतले सगळे किल्ले चढून झालेत म्हणून हे टळत नाही. त्यामुळे उंचावरच्या जागेच्या आधी मधल्या उंचीवर मुक्काम आणि पोहोचल्यावर दोन दिवस नुसता आराम, हे दिवस आधीच रकान्यात धरा. माचू पिचू मात्र २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा खाली आहे. म्हणून बरेच जण कुस्कोहून आधी खालच्या दरीत उतरून राहतात.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका असेल तर पिवळ्या तापाची लस. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं, आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, गावातल्या दवाखान्यात नाही. आपल्याकडे लोक हिचा विचार फक्त जाताना करतात. खरी अडचण परतताना येते: केनियासारख्या देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात बसवतात.

खाण्याचंही निवडीत धरा, विशेषतः शाकाहारी असाल तर. जॉर्जियात राजम्यासारखं लोबियो आणि चीज भरलेली खाचापुरी सगळीकडे. व्हिएतनाममध्ये 'चाय' (chay, आपला चहा नव्हे) लिहिलेली पाटी दिसली की आत शुद्ध शाकाहारी मिळतं. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी मांस-दूध वर्ज्य करतात, त्या दिवशी इंजेरा या आंबवलेल्या पिठाच्या पोळीबरोबर डाळी-भाज्यांचं भरलेलं ताट येतं. जपानमध्ये भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. किर्गिझस्तानच्या कुरणांवर मांस, ब्रेड आणि घोडीचं दूध, तिथे सोबत काही न्यावंच लागतं. चार दिवसांच्या सहलीत हे निभतं, सहा आठवडे निभत नाही.

पहिला देश सोपा हवा

एकट्याने निघताना पहिला देश आवडीचा नसला तरी चालेल, सोपा असावा. सोपा म्हणजे काय: रात्री बस-रेल्वे मिळते, फसवणूक कमी आहे, राहण्याच्या जागा भरपूर आहेत, हरवलात तर कुणीतरी मदत करतं. जपान, मलेशिया, व्हिएतनाम, श्रीलंका हे त्यात बसतात. इजिप्त आणि मोरोक्को मला फार आवडतात, पण दलालांचा जाच इतका असतो की पहिल्याच आठवड्यात माणसाचा हुरूप जातो. ते तिसरे-चौथे ठेवा. एकट्या मुलीने तर नक्कीच.

कुठल्याही नव्या देशात उजेडी पोहोचायचं. विमान दोन हजारांनी स्वस्त आहे म्हणून रात्री दोनला उतरायचं नाही. पहिल्या तीन रात्री आधी बुक केलेल्या असाव्यात, त्यापुढच्या नकोत.

जमिनीवरून प्रवास करायला शिकण्यासाठी जॉर्जियाइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. राजधानी तिबिलिसीच्या दिदुबे स्टँडवर मार्शरुत्का उभ्या असतात, म्हणजे पंधरा-वीस जण बसतील अशा व्हॅन. काचेवर पुठ्ठ्याची पाटी, तीही जॉर्जियन लिपीत, आणि बाहेर उभे राहून गावांची नावं ओरडणारे ड्रायव्हर. वेळापत्रक विचारलं तर हसतात. आपल्या वडापसारखंच: भरली की निघणार, मागच्या बाकावर तिघांच्या जागी चौघं. डोंगरातल्या काझबेगी गावापर्यंत साधारण दीडशे किलोमीटर, वाटेत २,४०० मीटरच्या जवळपास जाणारी जवारी खिंड, रशियाकडे निघालेल्या ट्रकच्या लांबलचक रांगा. वडापमध्ये बसून वाढलेल्या माणसाला इथे घाबरायचं काही कारण नाही. भाडं बसायच्या आधी शेजारच्या बाईला विचारायचं, ड्रायव्हरला नाही, आणि पुढची जागा रिकामी असेल तर पटकन धरायची.

त्याआधी एक सराव करून बघा. पंधरा दिवस एकट्याने नेपाळ. पुण्याहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे, तिथून सुनौलीची सीमा, पुढे बसने पोखरा. व्हिसा नाही, भाषा बरीचशी कळते, खर्च बेताचा. एकट्याने जेवायचा कंटाळा येतो का, आजारी पडल्यावर काय होतं, पाठीवरची सॅक किती जड आहे, हे पंधरा दिवसांत समजतं. एकटेपणा अजिबात झेपत नाही असं लक्षात आलं तर वर्षाचा बेत तीन महिन्यांवर आणा. त्यात कमीपणा नाही.

घरी काय ठेवून जायचं

तिकिटं पहिल्या दोन देशांचीच काढा. नव्या देशात शिरताना बाहेर पडायचं तिकीट बघतात, म्हणून एक परतीचं किंवा पुढचं स्वस्त, बदलता येणारं तिकीट नेहमी हाताशी असू द्या. बाकी मोकळं ठेवा. वाटेत भेटलेल्या माणसांमुळे बेत बदलतातच, आणि बदलले पाहिजेत. मध्ये एकदा घरी येऊन जायला लाजू नका. दिवाळीच्या पंधरा दिवसांत दात दाखवून होतात, बूट बदलून होतात, आणि तिसऱ्या गठ्ठ्यातला एखादा व्हिसा उत्तरार्धासाठी काढून होतो.

आईवडिलांना सगळा मार्ग पाठ असायची गरज नाही, पण घरात एक फाइल हवी. पासपोर्टच्या आणि व्हिसांच्या झेरॉक्स, विम्याचा नंबर आणि त्यांचा चोवीस तासांचा फोन, बँकेचं कार्ड बंद करायचा नंबर, प्रत्येक देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलचा पत्ता, जिथे परदेशात अडकलेल्या माणसासाठी घरचेही तक्रार नोंदवू शकतात. ही फाइल भावाबहिणीपैकी कुणाला तरी समोर बसवून समजावून सांगा. आणि कुठल्या दिवशी फोन करणार ते ठरवा, रोज नको, आठवड्यातून दोन वार पक्के. रोजचा फोन एकदा चुकला की घरात रात्रभर दिवा जळतो. रविवार-बुधवार ठरलं असेल तर सोमवारी डोंगरात रेंज नसली तरी कुणाच्या जिवाला घोर लागत नाही.